देवाच्या तसबिरीचा भाव

उन्हाळ्यात दुपारी दुबईच्या अल क्वोजमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. शेडची पत्र्याची दारं अर्धी ओढलेली असतात, रस्त्यावरचा ट्रक उभा आहे की वितळतोय ते लांबून कळत नाही. माझ्या वर्कशॉपमध्ये एसी एकसुरात घोंगावतो, लाकडाच्या भुशाचा आणि डिंकाचा वास दाटतो आणि मोठ्या टेबलावर देव उताणे पडलेले असतात. मी फ्रेमा बनवते. कुराणातली आयत सोनेरी पट्टीत जाते, कृष्ण सागवानी पट्टीत, हॉटेलांच्या भिंतींसाठी रंगवलेले निळे फराटे काळ्या पट्टीत. कामगार मागच्या खोलीत आडवे होतात आणि मी खुर्चीतच मान मागे टाकते.

त्या अर्ध्या झोपेत मला वर्षानुवर्षं एकच चित्र दिसत आलं आहे. मरियामाता, तिच्या हातावर बाळ, बाळाच्या मुठीत दोरी आणि दोरीच्या टोकाला एक इवलासा पक्षी. पक्ष्याचे पंख उघडलेले आहेत, पण दोरी सैल आहे. तो कुठे जात नाही आणि अडकलेलाही वाटत नाही. मातेच्या झग्याचा लाल रंग रेघेबाहेर ओघळलाय आणि त्याचा एक ठिपका पक्ष्याच्या छातीवर पडलाय. लहानपणी मला वाटायचं, पक्षी असाच असतो, लाल छातीचा.

ती तसबीर वसईच्या आमच्या घरात आल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यात, होती. गावच्या सणाला चर्चच्या दाराशी एक फेरीवाला चादर पसरून बसायचा. माळा, मेणबत्त्या आणि छापील चित्रं विकायचा. आईनं ती त्याच्याकडून घेतली. माझी आई बाजारात केळी विकायची आणि सौद्यात भल्याभल्यांना रडवायची. तिची एक युक्ती मी आजही वापरते: हवा असलेला माल हातात घ्यायचाच नाही. शेजारच्या मालाचं कौतुक करायचं, त्याच्यावर घासाघीस करायची, विकणाऱ्याला दमवायचं आणि जाता जाता, "बरं मग, हेच दे," असं म्हणून हवं ते उचलायचं. पण त्या फेरीवाल्याला तिनं मागितले तेवढे पैसे दिले. मी तेव्हा तिच्या पदराला धरून उभी होते.

"आई, कमी नाही केलेस?"

"देवाच्या तसबिरीचा भाव करायचा नसतो. मागतील ते द्यायचं."

आमच्याकडची रीतच आहे ती. तशीच दुसरी रीत म्हणजे आशीर्वाद दिलेली वस्तू कचऱ्यात टाकायची नाही. झावळ्यांच्या रविवारी मिळालेली झावळी वर्षभर आल्तारावर राहते, सुकते आणि पुढच्या वर्षी चर्चमध्ये जाळली जाते. तिचीच राख राखेच्या बुधवारी कपाळाला लागते. तुटकी माळ, फाटकी तसबीर यांनाही आग नाहीतर माती.

या दुसऱ्या रीतीनं माझं वाटोळं केलं. आई गेली तेव्हा माझा व्हिसा बदलत होता, पासपोर्ट ऑफिसात अडकला होता आणि मी इथून हलू शकत नव्हते. पुढे काही महिन्यांनी मी दादाला, माझ्या थोरल्या भावाला, फोन केला. मला कौलं नको होती, विहीर नको होती, वाडीतलं एक केळसुद्धा नको होतं. मी एक कागद मागितला.

"ती तसबीर? ती जाळली, बाय," दादा म्हणाला.

मी फोन आपटला. त्यानंतर वसईला गेले तेव्हा मावशीकडे उतरले. घरावरून रिक्षा गेली तर मान वळवली नाही. मनात मात्र पक्कं केलं होतं की दादानं घराला घातलेल्या नव्या छताला आणि नव्या दिव्यांना ते जुनं चित्र शोभत नव्हतं, म्हणून त्यानं रीतीच्या नावाखाली उरकून टाकलं. सेल्सगर्ल म्हणून इथे आले तिथपासून स्वतःच्या शेडपर्यंत मी कुणाला माझ्यावर सरशी करू दिली नाही. एकानंच केली, आणि तो घरचा निघाला.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी बेल्जियमच्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. दुबई मरीनात राहणाऱ्या. डझनभर जुनी चित्रं आहेत, पॅसेजमध्ये लावायची आहेत, माप घ्यायला या. त्या दिवशी हवेत धूळ होती. लिफ्ट इतकी वर गेली की कान बसले. त्यांच्या खिडकीतून समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं, सगळं ताकासारखं पांढरं. खाली बोटी होत्या त्या जणू हवेत टांगल्यासारख्या. अशा खोलीत माणूस हळू बोलायला लागतो. मीसुद्धा हळू बोलायला लागले, म्हणजे बघा.

जेवणाच्या टेबलावर एक पुठ्ठ्याचा डबा होता. त्यातून त्यांनी एकेक चित्र काढून मांडलं. तळहाताएवढे कागद. काळ्या बारीक रेघा, काहींवर रंग. संत, देवदूत, जळती हृदयं, ढगांवर बसलेली माणसं, आणि प्रत्येकाचे कपडे वाऱ्यात फडफडताहेत. कुठल्याच चित्रात कुणी स्वस्थ उभं नाही.

"ही तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहेत," बाई म्हणाल्या. "माझ्या वडिलांचं अँटवर्पला जुन्या छापील चित्रांचं दुकान होतं. हा त्यातला उरलेला डबा. राजवाड्यांत नि मोठ्या चर्चांत भिंतभर रंगवलेली चित्रं होती, ती गरिबाच्या घरात कशी येणार? म्हणून ही. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, शाई भरायची, ओला कागद ठेवून दाबायचा. एका पत्र्यावर शेकड्यांनी निघायची. बाया आणि मुलं ओळीनं बसून रंग लावायची, एक फक्त लाल, दुसरी फक्त निळा. मग फेरीवाले पाठीवर टाकून गावोगाव जायचे, चर्चच्या दाराशी बसायचे."

"चादर पसरून," मी म्हणाले.

"असेल. तुला कसं माहीत?"

"अंदाज."

लाल रंग रेघेबाहेर जातो तो का, हे मला त्या क्षणी समजलं. एक बाई फक्त लाल लावते आहे आणि तिला संध्याकाळच्या आत ढीग संपवायचा आहे.

"लोक काय करायचे यांचं?"

"काय नाही करायचे! प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवायचे, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायचे, गोठ्याच्या दारावर लावायचे, मेलेल्या माणसाच्या हातात द्यायचे. अगदी छोटी छापून आजाऱ्याला पाण्यातून गिळायलासुद्धा द्यायचे."

"चित्र गिळायला?"

"चित्र गिळायला. म्हणून तर फारशी उरली नाहीत."

"मग ही इतकी कोरी कशी?"

"ही न खपलेली. वडील म्हणायचे, जी खपली ती संपली."

एवढं बोलून त्यांनी शेवटचं चित्र टेबलावर ठेवलं आणि माझ्या हातातली मापाची टेप सुटून गुंडाळली गेली. मरियामाता, बाळ, दोरी, पक्षी. छातीवर लाल ठिपका नव्हता, ठिपका पंखावर होता. एक कोपरा तुटका, रंग फिका. पण तीच मान, तीच सैल दोरी. ताकासारख्या त्या उजेडात मला वाटलं, मी अजून खुर्चीतच झोपलेय आणि आता कुणीतरी कामगार हाक मारून उठवेल.

कुणी उठवलं नाही. मग माझ्यातली दुकानदारीण उठली. तिनं मला बजावलं, त्या चित्राकडे बघूही नकोस.

मी एका संताचं चित्र उचललं. त्याच्या पायाशी तोंडात पाव धरलेलं कुत्रं होतं.

"हे काय सुंदर आहे, मॅडम! कुत्र्याचे कान बघा. असं कुत्रं मी जन्मात पाहिलं नाही."

"आवडलं?"

"आवडलं म्हणजे काय! असं करू या, सगळ्या फ्रेमा मी माझ्या खर्चानं करते, म्युझियम ग्लास या भारी काचेसकट. मला फक्त यातलं एखादं चित्र द्या. हे कुत्र्याचं दिलंत तर उत्तमच. अर्थात हे तुम्ही देणार नाही, एवढं चांगलं कोण देईल? मग ते तुटक्या कोपऱ्याचं काहीतरी..."

"घे," बाई म्हणाल्या.

"काय?"

"कुत्रं घे. एवढं मनापासून आवडलंय तर ते तुझंच."

"पण तुमचा सेट तुटेल."

"सेट नाहीच तो."

"महागाचं असेल."

"असू दे. घे, यल्ला, आटप," आणि त्यांनी ते कुत्रं पाकिटात घालायलासुद्धा घेतलं.

इतकी वर्षं मी सौदे केले. समोरचा माणूस इतक्या पटकन हो म्हणाल्यानं माझं नुकसान कधी झालं नव्हतं. बाई पाकीट चिकटवत होत्या आणि माझ्या डोक्यात रक्त चढत होतं.

"मला कुत्रं नकोय!" मी ओरडले.

बाईंचा हात थांबला.

"मला ते हवंय! ते, बाळाचं! ते माझ्या आईचं आहे!"

मग मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. फेरीवाला, आल्तार, दादा, जाळणं, सगळं इंग्लिशमध्ये, हिंदीत, मध्येच मराठीत. बाईंनी मला पाणी दिलं आणि कुत्रं पुन्हा डब्यात ठेवलं.

"आधीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही भाव वाढवला असता."

"मी अजून भावच सांगितला नव्हता, माय डिअर." त्या हसल्या. मग चित्र खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिल्या. "तुझ्या आईचं चित्र इतकं जुनं नसणार. पण चांगली चित्रं लोक चोरायचे. एकानं छापलं की दुसरा ते समोर ठेवून नव्या पत्र्यावर कोरायचा, मग तिसरा त्याच्यावरून. जहाजातून कुठे कुठे गेली. तुझ्या आईचं या चित्राचं खापरपणतू असेल. गंमत माहितेय? जसं दिसतं तसं पत्र्यावर कोरलं की छाप उलटी निघते. म्हणून चोरलेलं चित्र बहुतेक उलटं असतं. इथे बाळ उजवीकडे आहे, आपल्या, बघणाऱ्याच्या. तुझ्या आईचं कुठे होतं?"

"उजवीकडेच. असंच."

"नक्की?"

मी डोळे मिटून आल्तार आठवला, पण शपथेवर बाजू सांगता येईना. 

"मला अंदाज नको," बाई म्हणाल्या. "कुठलं चित्र कुठून उतरलं, हे शोधण्यात माझ्या वडिलांचं आयुष्य गेलं. नीट विचारून मला सांग. फ्रेमांचे पैसे मी देईन. या चित्राची किंमत एवढीच."

"कुणाला विचारू? आई नाहीये."

"घरात आणखी कोण होतं?"

लिफ्टनं खाली येताना मी मनातल्या मनात घासाघीस करत होते. मावशीला विचारलं तर? तिची नजर कधीच गेली. शेजाऱ्यांना? खोटंच सांगितलं तर? बाईंना काय कळणार होतं? पण मला पदराला धरून उभी असलेली ती मुलगी दिसायला लागली. मागतील ते द्यायचं. एरवी कितीही मागितलं असतं तरी मी फेडलं असतं. बाईंनी नेमकं ते मागितलं जे माझ्याकडून सुटत नव्हतं: दादाशी धरलेला अबोला.

घरी मुलीला मोबाइलमधला फोटो दाखवला. तिनं बोटानं काहीतरी केलं आणि बाळ टुणकन डावीकडे गेलं.

"सी? फ्लिप्ड. विच वन इज आजीज?"

"तेच तर कळत नाहीये."

"सो कॉल मामा. इट्स वन फोन कॉल, मम्मा."

ती पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली. बाळ उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. मला दोन्ही खरी वाटायला लागली.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर, जेवणानंतर, पडदे ओढून मी फोन लावला.

"हॅलो, दादा."

"कोण?"

"कोण काय? मी."

"बाय?" त्याचा आवाज एकदम खाली गेला. "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. एक विचारायचंय."

"विचार."

"आईच्या तसबिरीतलं बाळ कुठल्या बाजूला होतं?"

पलीकडे कोंबडी ओरडली. विहिरीचा पंप चालू होता, तो आवाज मी ओळखला.

"भांडायला फोन केलायस का?"

"भांडायचं असतं तर माझ्याकडे याच्यापेक्षा चांगली कारणं आहेत. बाजू सांग."

"कुणाची? तिची की आपली?"

"आपली. बघणाऱ्याची."

"डावीकडे."

"उजवीकडे होतं!"

"मग मला कशाला विचारतेस?"

मागून वहिनीचा आवाज आला, "कोण आहे?"

"बाय आहे, दुबईहून. बाळ कुठल्या बाजूला होतं विचारते."

"कुणाचं बाळ?"

"मरियामातेचं."

"ते जाळलं ना!"

"तेच तर," दादा म्हणाला आणि पुन्हा माझ्याकडे वळला. "डावीकडेच होतं. रोज दिवा मी लावायचो. तुझी खाट कपाटासमोर होती, विसरलीस? कपाटाला आरसा. तू आरशातच बघत पडायचीस. आई म्हणायची, ही पोर कशाकडे सरळ म्हणून बघत नाही."

मी डोळे मिटले. खाट, आरशाच्या कडेला आलेले काळे डाग, त्यात सकाळचा पिवळा उजेड आणि त्या उजेडात खूप आत, पाण्याच्या तळाशी असावी तशी ती तसबीर. प्रार्थनेला तिच्यासमोर गुडघे टेकायचो तेव्हा डोळे मिटावे लागत, किलकिले केले तर कान पिळला जाई. म्हणजे मी तिला समोरून कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"दादा, ती जाळलीस का?" हे मात्र मी विचारणार नव्हते. निघून गेलं.

"काय ठेवणार होतो? बाळाला तोंडच राहिलं नव्हतं."

"वाळवी?"

"वाळवी कसली! आई. शेवटी शेवटी तिनं काच काढून ठेवायला लावली. रोज संध्याकाळी बोट ठेवायची बाळावर. आधी तुझं नाव, पोरगी परदेशात एकटी आहे म्हणून. मग माझं. बोटानं तोंड गेलं, हात गेला. नुसता पांढरा डाग आणि दोरी. पक्षी तेवढा राहिला होता. फादरना दाखवली, ते म्हणाले, हिचं काम झालंय. मग झावळ्यांबरोबर दिली."

"हे मला सांगायचं होतंस."

"सांगू दिलंस? 'जाळली' एवढंच ऐकलंस आणि फोन आपटलास. मी आपला हॅलो हॅलो करत बसलो."

"मग उलट फोन करायचा."

"तू उचलला असतास?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मला आवडलं नाही, म्हणून दिलं नाही. दादा म्हणाला, "त्या राखेच्या बुधवारी सगळ्या गावाच्या कपाळावर ती होती, बाय. तुझ्याच नव्हती."

पंप बंद झाला.  मग मी त्याला बाईंबद्दल सांगितलं, डब्याबद्दल, पंखावरच्या ठिपक्याबद्दल. कुत्र्याचं ऐकून तो इतका हसला की वहिनीला पुन्हा सगळं सांगावं लागलं.

"मग बघायला घेऊन ये," तो म्हणाला.

"तू ये. व्हिसा मी काढते."

"मला विमानाचं भ्या वाटतं."

"मग राहा तिथेच. फोटो पाठवते."

"फोटो नको. घेऊन ये."

"बघू. इन्शाल्ला," मी म्हणाले. इथे इन्शाल्ला म्हणजे हो की नाही ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं असतं.

फ्रेमा तयार झाल्यावर मी मरीनात गेले. बाईंना सांगितलं, माझ्या आईचं बाळ डावीकडे होतं, तुमच्या चित्राच्या उलट, आणि मला आठवतं ते आरशातलं. बाई एकदम ताठ बसल्या.

"म्हणजे नक्कल उलटी निघाली आणि तुझ्या आरशानं ती पुन्हा सुलटी केली. तू वसईत झोपून हेच बघत होतीस, हे अँटवर्पचं!"

त्यांना त्याचं फार अप्रूप वाटलं. मला मात्र त्यांच्या खिडकीतल्या पांढऱ्या उजेडात आई दिसत होती, बोट पुढे केलेली, दमलेली, केळीच्या चिकाचे डाग पडलेल्या नखांची. त्यांनी चित्र माझ्या हातात ठेवलं. बाकी अकरा फ्रेमांचे मी पूर्ण पैसे लावले, एक दिरहम सोडला नाही, आणि त्यांनीही सूट मागितली नाही.

आता ते चित्र वर्कशॉपमध्ये माझ्या खुर्चीसमोर आहे. साधी सागवानी पट्टी आणि आत पुठ्ठ्याचा माउंट. गिऱ्हाइकांना मी रोज सांगते, कागदाला काच हवीच, धूळ येते, हात लागतात, साडेतीनशे दिरहमची घ्या, म्हणजे आपले आठेक हजार, पण चित्र पुढच्या पिढीला मिळेल. या चित्राचीही काच मी कापली. मापात आहे, कडा घासलेल्या आहेत, टेबलाच्या पायाला टेकून उभी आहे. बसवली मात्र नाही. बाईंना हे कळलं तर त्या चित्र परत घेऊन जातील, म्हणून त्यांना सांगितलेलं नाही.

दादाचा राग गेला असं म्हणणार नाही. उलट फोन त्यानं करायला हवा होता, हे मी अजून म्हणते. पण परवा दुपारी दारं अर्धी ओढलेली होती, कामगार झोपले होते, भुशाचे कण उन्हाच्या तिरपेत तरंगत होते. मी उठले आणि बाळावर बोट ठेवलं. कागद अजून कोरा, खरखरीत होता. आईचं नाव घेतलं, मग मुलीचं. मग दादाचंही घेतलं. शेवटी, पण घेतलं.